वकिलीची सनद मिळते, पुढच्या तीन वर्षांचे काय?

बारावीचे निकाल लागले की पालकांची पावले शाळेकडे वळतात. दाखला घेतात, गुणपत्रिका दाखवतात आणि निघता निघता विचारतात, ‘सर, आता पुढे काय करावं?’ अलीकडे काही पालक उत्तरही सोबत घेऊन येतात : वकिली. आमच्या दारव्ह्यात हे नवे आहे. पूर्वी हुशार मूल डॉक्टर व्हायचे, नाहीतर आमच्यासारखे मास्तर. आता शेताच्या धुऱ्याचे वाद, घरांच्या वाटण्या, मेहर आणि पोटगीचे दावे, वक्फच्या जागांची प्रकरणे यांमुळे कोर्टाची पायरी बऱ्याच घरांना ठाऊक झाली आहे. ‘आपल्यातलाही एक वकील असावा’ असे मोहल्ल्याला वाटते. वाटणे योग्यच आहे. पण निर्णयापूर्वी हिशेब मांडायला हवा, आणि तो मांडताना फार थोडे पालक दिसतात.

आम्ही शिक्षक लाटांना भितो, कारण एक लाट आम्ही जवळून पाहिली आहे. डी.एड. केले की नोकरी पक्की, अशी एकेकाळी आपल्या राज्यात समजूत होती. गावोगावी विद्यालये निघाली. प्रवेशासाठी लोकांनी दागिने मोडले. मग ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, २०१२ मध्ये शिक्षकभरती थांबली, २०१३ पासून टीईटी आली. पाहता पाहता वर्ग रिकामे पडले आणि कित्येक विद्यालयांना कुलपे लागली. पदविका घेतलेली मुले आज किराणा दुकानात, मोबाईलच्या दुकानात दिसतात. शिक्षण वाईट नव्हते. पुढे जागा किती आहेत, हे कोणी विचारले नव्हते.

वकिलीत असे घडू शकते का? अमेरिकेत घडले आहे. २००८ च्या मंदीनंतर तिथल्या मोठ्या वकिली कंपन्यांनी माणसे कमी केली आणि नवे वकील लाखोंचे शैक्षणिक कर्ज डोक्यावर घेऊन काम शोधू लागले. मागच्या मुलांनी ते पाहिले. २०१० साली तिथे कायद्याच्या शिक्षणासाठी सुमारे ८८ हजार जणांनी अर्ज केले होते, २०१५ पर्यंत ही संख्या ५५ हजारांच्या आसपास आली. आपल्याकडे वारे अजून उलट्या दिशेचे आहे. सीईटीला गर्दी आहे. मात्र महाविद्यालये फार झाली हे बार कौन्सिल ऑफ इंडियालाही जाणवले आहे. २०१९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२५ मध्ये कौन्सिलने नव्या विधी महाविद्यालयांना तीन-तीन वर्षांची बंदी जाहीर केली.

आता आपल्या घरचा हिशेब पाहू. बारावीनंतर पाच वर्षे, किंवा पदवीनंतर तीन वर्षे शिक्षण. त्यानंतर बार कौन्सिलकडे नाव नोंदवून सनद घ्यायची आणि अखिल भारतीय बार परीक्षा द्यायची. सनदेच्या खर्चाबाबत एक चांगली गोष्ट घडली आहे. कायद्यात नोंदणीची फी सर्वसाधारण वर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये असताना राज्यांची कौन्सिले हजारो रुपये घेत होती, ओडिशात तर ४२ हजारांवर. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे बेकायदा ठरवले.

खरी परीक्षा सनद हातात आल्यावर सुरू होते. वकिलाला दुसरीकडे पूर्णवेळ पगाराची नोकरी करता येत नाही. स्वतःची जाहिरातही करता येत नाही. म्हणजे सकाळी शिकवणीवर शिकवून किंवा दुपारी दुकान सांभाळून डॉक्टरकी जशी होत नाही, तशी वकिलीही होत नाही. कोणातरी सीनिअरच्या हाताखाली बसायचे, तारखा घ्यायच्या, नकला काढायच्या, अर्ज लिहायचे. ज्याचे वडील वकील, त्याला ऑफिस, पुस्तके आणि पक्षकार आयते मिळतात. आपली बहुतेक मुले घराण्यातली पहिलीच. ज्युनिअरला शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये तरी द्यावेत, असे बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवले. पण ती सूचना आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या कोर्टात खुद्द सीनिअरचीच कमाई कापूस-सोयाबीनच्या हंगामावर चालते. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला तर फी येते. ज्युनिअरला गाडीभाडे मिळाले तरी पुष्कळ.

आमची एक जुनी विद्यार्थिनी सध्या याच टप्प्यावर आहे. वडिलांचे मोटार रिवाइंडिंगचे छोटे दुकान. सनद घेऊन तिला दीड वर्ष झाले. वडील आमच्याकडे आले ते कंटाळून. म्हणाले, ‘सर, नातेवाईक विचारतात, एवढं शिकून पोरगी कमावते किती? मी काय सांगू? रिश्ते येतात, तेही हेच विचारतात. आता बंद करावं म्हणतो.’ त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. दुकानाच्या गल्ल्यातूनच तिचे भाडे निघत होते. पण त्याच महिन्यात तिच्या सीनिअरकडे एक बेवा खाला जुना निकाहनामा घेऊन आली होती. कागद उर्दूत, तोही शिकस्ता वळणाचा. ऑफिसात तो कोणालाच वाचता येईना. मुलीने तो वाचला, मेहरची रक्कम आणि साक्षीदारांची नावे काढली, मराठीत तर्जुमा करून दिला. तेव्हापासून असे कागद आले की सीनिअर तिलाच बोलावतात. आम्ही वडिलांना म्हटले, ‘भाई, पोरगी बसून नाही, उभी राहतेय. अजून दीड वर्ष द्या.’

दीड वर्षच का, तेही सांगितले. २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आली आहे. विधी सेवा समितीच्या वकिलांच्या यादीत येण्यासाठीही साधारणपणे तीन वर्षांचा अनुभव लागतो. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणतीही स्त्री, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागू शकते. आपल्या किती भगिनींना हे ठाऊक आहे? ज्या बाईला पुरुष वकिलापुढे घरची गोष्ट बोलवत नाही, तिला ही मुलगी हवी आहे. अडीच वर्षांवर सोडले, तर मागची सगळी वर्षे वाया.

वडिलांनी अजून होकार दिलेला नाही. विचार करतो म्हणाले.

या वडिलांना एकट्याने तोलावे लागते, हीच आमची तक्रार आहे. मुलाच्या फीसाठी मोहल्ला मदत करतो, जलशात सत्कार करतो, शाल घालतो. पदवी मिळाली की सगळे आपापल्या घरी. डॉक्टरला इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन मिळते, वकिलाला नाही. त्याला मदत लागते ती नेमकी पदवीनंतर. शिष्यवृत्ती देणाऱ्या कमिट्यांनी एका मुलाची फी भरण्याऐवजी एका नव्या वकिलाचे तीन वर्षांचे गाडीभाडे आणि पुस्तके उचलली, तर गावाला एक टिकणारा वकील मिळेल.

आणि पालकांनी भाषेकडे पाहावे. १९९८ पासून जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. उर्दू शाळेतली आमची मुले मराठीचा पेपर पास होण्यापुरता करतात. ज्याला दावा आणि कैफियत मराठीत नीट लिहिता येत नाही, तो तालुक्यात टिकत नाही. ज्याला मराठी लिहिता येते, उर्दू वाचता येते आणि वरच्या न्यायालयांपुरते इंग्रजी समजते, त्याच्यासाठी काम आहे. ही तयारी आठवीपासून होते, सनदेनंतर होत नाही.

न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्लाह यांनी १९३० मध्ये आपल्या नागपुरात वकिली सुरू केली आणि १९६८ मध्ये ते देशाचे सरन्यायाधीश झाले. घर सुशिक्षित होते, पाठीशी उभे राहणारे होते. प्रत्येक मूल त्या पदावर जाणार नाही, जायची गरजही नाही. दारव्ह्याच्या कोर्टात प्रामाणिकपणे उभा राहणारा वकील आम्हाला पुरे. तेव्हा यंदा अर्ज भरण्यापूर्वी कागद घ्या, शिक्षणाची वर्षे लिहा, त्याखाली बिनकमाईची तीन वर्षे लिहा, आणि ती कोण उचलणार त्याचे नाव लिहा. नाव लिहिता आले तर मुलाला, मुलीला जरूर पाठवा. नसेल, तर नाराज न होता दुसरी वाट आत्ताच शोधा.