पॅरिसची विमानतळ-रेल्वे : गर्दी, घसारा आणि पडिलेहण

परक्या नगराची पहिली ओळख त्याच्या राजवाड्यांत किंवा संग्रहालयांत होत नाही. ती होते विमानतळावरून गावात नेणाऱ्या वाटेवर. पॅरिसच्या बाबतीत ही वाट म्हणजे शार्ल द गोल विमानतळावरून निघणारी ‘आरईआर-बी’ ही उपनगरी रेल्वे. सहलीच्या बसने हिंडणाऱ्यांची तिच्याशी गाठ पडत नाही. परंतु स्वतंत्रपणे जाणाऱ्याला, त्यातही व्यापाऱ्याला, ती सहसा टाळता येत नाही. कापडाची आणि खाद्यपदार्थांची मोठी आंतरराष्ट्रीय प्रदर्शने भरतात ते विलपँतचे संकुल याच मार्गावर, विमानतळालगतच्या स्थानकाशेजारी आहे. पॅरिसहून अँटवर्पच्या हिरेबाजारात जाणाऱ्याला जलद गाडी मिळते ती ‘गार द्यू नॉर’ म्हणजे उत्तर स्थानकावर, आणि तेथे पोहोचवणारी रेल्वेही हीच. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचा तिच्याशी संबंध येतो, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते.

हा विमानतळ १९७४ मध्ये सुरू झाला आणि दोनच वर्षांनी रेल्वे तेथवर पोहोचली. वर काच, प्रकाश आणि झगमगती दुकाने. फलाटावर उतरताच मात्र चित्र पालटते. या मार्गावरील बहुसंख्य गाड्यांची मूळ बांधणी १९८०च्या आसपासची आहे. मध्यंतरी त्यांची डागडुजी झाली, तरी वय लपत नाही. मोठ्या बॅगा ठेवण्यास पुरेशी जागा नाही. सरकते जिने आणि लिफ्ट बंद असणे, गाड्या उशिरा धावणे अथवा अचानक रद्द होणे, गर्दीत खिसे कापले जाणे, या येथील नित्याच्या तक्रारी आहेत. रात्री उशिरा रुळांच्या कामासाठी गाड्या बंद करून बस सोडल्या जातात. ऑगस्टमध्ये तर कधी कधी काही दिवस उत्तरेकडचा मार्गच बंद ठेवतात. जगातील सर्वाधिक पर्यटक येणाऱ्या देशाच्या राजधानीत हे का व्हावे, असा प्रश्न पाहुण्याला पडतो.

उत्तराचा पहिला भाग खिडकीतून दिसतो. विमानतळ सोडल्यावर थोडी शेते, मग गोदामे, मग एकापाठोपाठ एक दाट वस्तीची उपनगरे. वाटेत ले बुर्जे लागते. १९२७ मध्ये एकट्याने अटलांटिक ओलांडून आलेला लिंडबर्ग येथेच उतरला होता. पुढे ला कुर्नव आणि मग भव्य क्रीडांगणाचे सँ-दनी. हा सारा सेन-सँ-दनी जिल्हा युरोपातील फ्रान्सचा सर्वांत गरीब जिल्हा मानला जातो. विमानतळावर सफाई करणारे, सामान चढवणारे, विमानांतील जेवण बांधणारे आणि पहाऱ्यावर उभे राहणारे पुष्कळ लोक याच पट्ट्यात राहतात आणि याच गाडीने कामावर जातात. नकाशावर गाडीपुढे विमानाचे चिन्ह असले, तरी ही मुळात विमानतळाची रेल्वे नाही. रोज सुमारे नऊ-दहा लाख माणसे वाहून नेणारी ती कष्टकऱ्यांची रेल्वे आहे. आपण तिच्यात आपली बॅग घेऊन चार घटका पाहुणे म्हणून बसतो, एवढेच.

उत्तराचा दुसरा भाग जमिनीखाली आहे. या मार्गाचा दक्षिणेकडील भाग १८४६च्या एका जुन्या लोहमार्गातून विकसित झाला. उत्तरेकडील भाग राष्ट्रीय रेल्वेचा. दोन्ही वेगवेगळ्या संस्थांकडे आणि दोन्हींची वीजही वेगळी. दक्षिणेत १,५०० व्होल्टचा डीसी प्रवाह, जो पूर्वी मुंबईच्या लोकललाही होता. उत्तरेत २५,००० व्होल्टचा एसी. उत्तर स्थानकावर प्रत्येक गाडीला हा प्रवाह बदलून पुढे जावे लागते. त्यातच उत्तर स्थानक ते शातले या अवघ्या अडीच किलोमीटरच्या बोगद्यातून ‘बी’बरोबर ‘डी’ मार्गाच्या गाड्याही जातात. ऐन गर्दीच्या तासात एका दिशेने ३२ गाड्या, म्हणजे दोन मिनिटांनाही एक गाडी पुरत नाही. अशा ठिकाणी एका गाडीचे दार तीस सेकंद अधिक उघडे राहिले, तरी त्याची किंमत मागच्या दहा गाड्या मोजतात.

तिसरा भाग हिशेबाचा आहे, आणि बँकेत ताळेबंद वाचत आयुष्य गेलेल्या माणसाला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फ्रान्सने १९८१ पासून अतिवेगवान ‘टीजीव्ही’ गाड्यांचे नवे मार्ग बांधले आणि जगाची वाहवा मिळवली. पण २००५ मध्ये लोझान येथील स्विस तज्ज्ञांनी केलेल्या तपासणीत स्पष्ट झाले, की जुन्या जाळ्याच्या नूतनीकरणावर पुरेसा खर्च न झाल्यामुळे ते झपाट्याने जीर्ण होत आहे. आपल्या भाषेत सांगायचे, तर नव्या शाखा उघडल्या, पण जुन्या यंत्रांच्या घसाऱ्याची तरतूद केली नाही. घसारा वहीत दाखवला नाही म्हणून झीज थांबत नाही. १२ जुलै २०१३ रोजी पॅरिसच्या दक्षिणेस ब्रेतिन्यी येथे एक गाडी घसरली आणि सात जणांचे प्राण गेले. कारण काय, तर दोन रूळ जोडणारी लोखंडी पट्टी बोल्ट निखळून जागची हलली होती. २०२२ मध्ये न्यायालयाने देखभालीतील हयगयीबद्दल राष्ट्रीय रेल्वेला दोषी ठरवले. तो मार्ग वेगळा होता, पण आजार तोच. मोडतो तो पूल नव्हे. आधी मोडतो तो पुलाकडे रोज पाहण्याचा नेम.

या नेमाला आपल्याकडे फार जुना शब्द आहे : पडिलेहण. आपले साधू-साध्वी आपली मोजकी वस्त्रे आणि पात्रे दिवसातून दोनदा उलटसुलट करून बारकाईने पाहतात. त्यामागे मुख्य हेतू जीवदयेचा. पण जे आपल्याजवळ आहे त्याकडे रोज लक्ष देणे, ही शिकवणही त्यातच आहे. दुकानातील तराजू, गोदामाचे छप्पर, लिफ्टची दोरी यांचे पडिलेहण न करणारा व्यापारी आणि रुळांचे पडिलेहण न करणारी रेल्वे यांच्यात तत्त्वतः फरक नाही.

आता फ्रान्सने उपाय काढला आहे. ‘सीडीजी एक्स्प्रेस’ ही ३२ किलोमीटरची स्वतंत्र गाडी विमानतळावरून थेट पूर्व स्थानकापर्यंत २० मिनिटांत नेणार आहे. ती २०२४च्या ऑलिंपिकपूर्वी धावावी असा संकल्प होता; तो २०२७ पर्यंत लांबला. वाटेतील गावांच्या अनेक महापौरांनी तिला विरोध केला. त्यांचे म्हणणे असे, की पाहुण्यांसाठी महागडी गाडी बांधण्याऐवजी आधी आमच्या लोकांची गाडी दुरुस्त करा. या प्रकल्पातून जुन्या मार्गालाही निधी मिळतो, असे समर्थक सांगतात. जुन्या मार्गासाठी १४६ नव्या गाड्यांची मागणी २०२१ मध्ये नोंदवली गेली, पण त्यांचे आगमनही पुढे ढकलले गेले. मला महापौरांचा मुद्दा पटतो. पाहुण्यासाठी वेगळे ताट मांडावे, यात गैर काही नाही. परंतु घरातील माणसांचे ताट फुटके ठेवून नव्हे.

जाणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. जानेवारी २०२५ मध्ये विमानतळाचे तिकीट १३ युरो झाले आणि शहर-उपनगरांत इतरत्र रेल्वेचे तिकीट अडीच युरो. हे इतरत्र चालणारे साधे तिकीट विमानतळासाठी चालत नाही, आणि दंड जागेवर वसूल होतो. दर त्यानंतर बदलू शकतात, तेव्हा निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. सकाळी आठ-नऊची आणि सायंकाळी पाच ते सातची गर्दी टाळावी. परतीच्या विमानासाठी किमान एक तास जास्त हाताशी ठेवावा. चौविहार पाळणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे, की जूनअखेर तेथे सूर्यास्त रात्री दहाच्या सुमारास होतो, तर डिसेंबरात सायंकाळी पाचच्या आतच. हिवाळ्यात दुपारी उतरणाऱ्याने गाडीच्या भरवशावर न राहता जेवण सोबत ठेवावे. उत्तर स्थानकामागील ला शापेल भागात भारतीय व तमिळ दुकाने आहेत. तेथे धान्य, भाजी आणि शाकाहारी जेवण मिळते, परंतु तेथवर सूर्यास्तापूर्वी पोहोचता आले तर!

शेवटची सूचना सामानाची. एका कुटुंबाच्या सहा मोठ्या बॅगा दारात उभ्या राहिल्या, की रात्रपाळी करून घरी निघालेल्या सहा माणसांना फलाटावरच थांबावे लागते. अपरिग्रह हे व्रत पर्युषणापुरते नाही. बॅग भरतानाही त्याची आठवण व्हावी. यतनेने चालणे म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्यास कमीत कमी त्रास होईल असे चालणे, आणि तो दुसरा परदेशी सफाई कामगार असला तरी नियम तोच.

ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या विमानतळालाही भुयारी मेट्रो मिळाली. तिची स्थानके पाहून आनंद होतो. दिल्लीची विमानतळ-मेट्रो २०११ मध्ये अशीच कौतुकात सुरू झाली आणि २०१२-१३ मध्ये मार्गातील दोषांमुळे तिला सुमारे सहा महिने बंद राहावे लागले, हेही विसरू नये. उद्घाटनाला मंत्री येतात, फिती कापल्या जातात, छायाचित्रे निघतात. नंतरची चाळीस वर्षे रोज पहाटे रुळांवर वाकून बोल्ट तपासणाऱ्या माणसाचे छायाचित्र कोणी काढत नाही. त्याच्या पगाराची आणि त्याच्या हातातील पान्याची तरतूद दरवर्षी अंदाजपत्रकात आहे की नाही, हे विचारण्याचे काम मात्र आपले, तिकीट काढणाऱ्यांचे आहे.