धातू गोठताना

दिवाळी अंकासाठी धातुविज्ञानावर, परंतु सर्वसामान्य वाचकास उमजेल अशा भाषेत, काही लिहून द्यावे अशी संपादकमहाशयांची आज्ञा आली, त्या सुमारास माझ्या मेजावर एक तुटलेले कास्टिंग येऊन पडले होते. आणि त्या तुकड्याने मनाचा असा काही ताबा घेतला होता की, त्याच्यावाचून दुसऱ्या कशावर लिहिणे मला शक्यच नव्हते.

ते एका कॉम्प्रेसरचे आवरण होते. ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूचे ते आवरण, जेथे बोल्ट बसतो त्या जाड पायापाशी, थोड्याच महिन्यांच्या चालीनंतर आडवे फुटले होते. सोबत धाडलेले दस्तऐवज निर्दोष होते: पृथक्करणाच्या दाखल्यात सिलिकॉन आणि लोह मर्यादेत, आणि त्याच रसातून वेगळ्या ओतलेल्या चाचणीदांड्याचे ताणबळ करारातील आकड्याहून अधिक. तेव्हा भट्टीत भंगार मिसळून धातूत भेसळ केली असली पाहिजे, असा मालकांचा ग्रह झाला होता.

हा ग्रह मला फार जुना परिचित आहे, आणि तो शिकल्यासवरल्या इंजिनिअरांतही आढळतो याचे मला दुःख होते. कोणत्या धातूत काय किती मिसळले हे कळले की त्याचे बळ कळले, अशी समजूत सर्वत्र रुजली आहे. वस्तुतः तोच रस, त्याच भट्टीतून, दोन साच्यांत ओतला तर दोन निराळे पदार्थ हाती येतात. एलएम ६ या प्रचलित मिश्रधातूचे ताणबळ वाळूच्या साच्यात १६० ते १९० मेगापास्कल, तर उष्णता झपाट्याने शोषणाऱ्या लोखंडी साच्यात १९० ते २३० मेगापास्कल धरले जाते. घटकांचे प्रमाण तेच, भेद केवळ गोठण्याच्या वेगाचा.

याचे कारण सांगतो. सुमारे १२.६ टक्के सिलिकॉन असलेला रस ५७७ अंश सेल्सिअसला गोठू लागतो, तेव्हा ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन हे दोन्ही घन एकाच तापमानाला, आंतरपिकाच्या ओळींप्रमाणे एकमेकांच्या अंगाला लागून वाढतात. अशा मिश्रधातूस यूटेक्टिक म्हणतात. एका घनाने नाकारलेले अणू रसातून आडवे सरकत शेजारच्या घनापर्यंत पोहोचावे लागतात. गोठणे संथ असेल तर त्यांना दूरवर जाण्यास अवधी मिळतो आणि जाडजूड पाती निपजतात. गोठणे वेगाने झाले तर तो अवधीच उरत नाही आणि रचना बारीक होते. १९६६ साली जॅक्सन आणि हंट यांनी हा संबंध गणितात बसवला: पात्यांमधील अंतराचा वर्ग आणि वाढीचा वेग यांचा गुणाकार स्थिर राहतो, म्हणजे वेग चौपट केला की अंतर निम्मे होते. इतकी सुंदर समीकरणे आमच्या शास्त्रात थोडीच आहेत. तथापि सिलिकॉनचा स्फटिक हेकट असतो, आपल्या ठरावीक दिशा सहसा सोडत नाही, म्हणून या मिश्रधातूत ते समीकरण तंतोतंत लागू पडत नाही, आणि येथूनच आमचा मोठा वाद सुरू होतो.

१९२० साली अमेरिकेत अलादार पाट्स यांनी या रसात सोडियमचा क्षार घातला असता सिलिकॉनच्या ठिसूळ पात्यांऐवजी बारीक तंतू मिळतात, हे दाखवले. शेकडा ०.०१ इतका सोडियम एवढा पालट कसा घडवतो? एका पक्षाच्या मते रसात फॉस्फरसच्या लेशामुळे जे ॲल्युमिनियम फॉस्फाइडचे कण असतात तेच सिलिकॉनची बीजे होत, आणि सोडियम ती निष्प्रभ करतो. दुसऱ्या पक्षाच्या मते सोडियमचे अणू वाढत्या स्फटिकाच्या सूक्ष्म पायऱ्यांना चिकटतात आणि त्याला जुळे (आरशातील प्रतिबिंबासारखी उलटी जुळलेली स्फटिकाची जोडी) फुटत जाऊन त्याची दिशा पुनःपुन्हा वळते. १९८७ साली लू आणि हेलावेल यांनी या मताची सविस्तर मांडणी केली, आणि सोडियमने संस्कारित झालेल्या तंतूंत अशी जुळी दाटीने भरलेली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसतात. बीजांचे महत्त्व मी नाकारीत नाही, परंतु तंतूंच्या घडणीपुरता माझा कौल दुसऱ्या पक्षाला आहे. त्याहून मोलाची गोष्ट अशी की, सोडियमविरहित रस अतिवेगाने थंड केला तरी तंतूच मिळतात, आणि त्यांत ही जुळी क्वचितच आढळतात. म्हणजे बारीक रचनेकडे जाणारे मार्ग दोन आहेत, ते परस्परांहून भिन्न आहेत, आणि सोडियम घातला की थंड होण्याची फिकीर नको असे मानणे सर्वथा चूक आहे. उलट जाड भाग जितका सावकाश गोठेल तितकी सोडियमची मात्रा वाढवावी लागते.

मी त्या आवरणाच्या पातळ भिंतीचा आणि जाड पायाचा एकेक काप घेतला, एमरी कागदावर घासून मखमलीवर चकचकीत केला, आणि अर्धा टक्का हायड्रोफ्लुओरिक आम्लाने किंचित खोदला. भिंतीत राखी रंगाचे बारीक ठिपके विखुरलेले होते. पायात त्याच सिलिकॉनच्या लांब, टोकदार पट्ट्या एकमेकींना छेदून गेल्या होत्या, आणि भेग एका पट्टीवरून दुसरीवर अशी सरळ चालत गेली होती. चौकशीअंती कळले की, चाचणीदांडा लेडल (रस वाहून ओतण्याचे भांडे) भरताच ओतला होता आणि हे आवरण तळाच्या रसातून, बऱ्याच विलंबाने. रसात घातलेला सोडियम ८८३ अंशांनाच उकळतो. ७०० अंशांच्या आसपास उघड्या पडलेल्या रसातून तो सतत उडत आणि जळत राहतो, त्यामुळे तळच्या रसात तो फारसा उरलाच नव्हता. पायाखाली वाळूत लोखंडी चिल, म्हणजे उष्णता झपाट्याने शोषणारा ठोकळा, बसवण्याची तजवीजही केलेली नव्हती. भेसळीचा आरोप निराधार होता, हे मी अहवालात स्पष्ट नमूद केले.

जे कारखानदार असे सुटे भाग खरेदी करतात त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे: वेगळ्या ओतलेल्या दांड्याच्या दाखल्यावर समाधान मानू नका. ज्या जागी अधिकात अधिक भार यायचा आहे ती जागा ड्रॉइंगवर खूण करून दाखवा, दर खेपेतील एक कास्टिंग त्या जागी कापून पाहण्याची अट करारातच घाला, आणि त्या एका कास्टिंगची किंमत खुशाल स्वतः सोसा.