पत्रा, तारे आणि टोटल लॉस

जुनी छोटी गाडी काढून दुसरी घेताना काय बघावं यावर लिहा, पण सोपं लिहा, असा संपादकांचा निरोप आला. सोपं लिहिणं आमच्या धंद्यात बसत नाही. मी मोटार विम्याचा सर्व्हेअर. तुम्ही गाडी बघता ती शोरूमच्या दिव्यांत. मी बघतो ती गॅरेजच्या मागच्या अंगणात, बोनेट दुमडलेलं आणि एअरबॅगा लोंबत असलेल्या. तेव्हा माझी मतं जरा तिरकीच असणार.

ओळखीच्या एका निवृत्त जोडप्याचा प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. राहायला नाशिकला कॉलेज रोडवर, मुलगा पुण्यात. दाराशी 2011 ची वॅगन आर. वहिनींचे गुडघे गेलेले, म्हणून या वेळी ऑटोमॅटिक हवी. पर्याय तीन, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. सरांना तसलीच उंच हॅचबॅक हवी, फक्त नवी कोरी. मुलाचा आग्रह इलेक्ट्रिक एसयूव्हीचा. मेव्हण्यांनी सात वर्षं वापरलेली एक जर्मन सेडान हेरून ठेवलेली. किंमत सात लाख, म्हणजे जवळजवळ नव्या हॅचबॅकएवढीच.

सेडानचं आधी सांगतो, कारण तो हिशेब शोरूममध्ये कुणी मांडून दाखवत नाही. विम्याच्या कागदावर गाडीची जी किंमत धरतात ती आयडीव्ही. पाचव्या वर्षात ती निम्मी होते, पुढे कंपनी आणि मालक मिळून ठरवतील ती. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस. आता ही सेडान सात लाखांची धरा. म्हणजे रेघ आली सव्वापाच लाखांवर. पण तिचा हेडलाइट काही सात लाखांच्या गाडीचा नाही, तो तीस लाखांच्या गाडीचाच आहे. पुढून मध्यम धडक बसली, दोन हेडलाइट, बंपर, रेडिएटर, दोन एअरबॅगा आणि त्यांचं कंट्रोल युनिट गेलं, की रेघ ओलांडली. माणसं धडधाकट, गाडी मात्र भंगारात. आणि रेघेच्या अलीकडे राहिलात तर प्लास्टिक, रबर, एअरबॅग यांवर 50 टक्के घसारा, म्हणजे निम्मे पैसे तुमचे. हा घसारा न कापणारं झिरो डेप कव्हर एवढ्या जुन्या गाडीला सहसा देत नाहीत. हे सगळं ऐकून मेव्हणे म्हणाले, “साहेब, पण पत्रा बघा ना!” आणि दार लावून दाखवलं. धप्प.

इथे मला थांबावंच लागतं. इतकी वर्षं हा पत्रा माझ्यामागे लागलेला आहे. बोटाने टकटक करायचं, बोनेट दाबून बघायचं आणि निकाल द्यायचा. अहो, बाहेरचा पत्रा बहुतेक गाड्यांत एक मिलिमीटरसुद्धा जाड नसतो. दाराचा धप्प आवाज येतो तो आतल्या डँपिंगच्या पट्ट्यांमुळे, रबरी सीलमुळे आणि लॉकच्या घडणीमुळे. जीव वाचवतो तो सांगाडा : ए-पिलर, बी-पिलर, दाराखालची तुळई. गाडीचं नाक चुरगळलंच पाहिजे. ते चुरगळतं म्हणून धडकेची ऊर्जा तिथे खर्च होते आणि तुमच्या बरगड्यांवर कमी येते. केबिन मात्र चुरगळता कामा नये. सर्व्हेला गेलो की मी आधी दारं उघडतात का ते बघतो. बोनेटचा चेंदामेंदा आणि दार एका हाताने उघडलं, तर त्या गाडीने आपलं काम केलं. नेमका त्याच गाडीचा मालक मला सांगत असतो की पत्रा पापडासारखा निघाला, कंपनीवर केस करतो.

हे सांगाड्याचं टकटक करून कळत नाही, म्हणून धडक-चाचणीत मिळालेले तारे बघायचे. 2018 मध्ये टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले तेव्हा कुठे लोक हा प्रश्न विचारू लागले. ऑक्टोबर 2023 पासून तारे देणारी आपली भारत एनकॅप आहे. सरांच्या लाडक्या वॅगन आरला त्याच वर्षी ग्लोबल एनकॅपमध्ये एकच तारा मिळाला होता. मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

पण तारे म्हणजेही सगळं नव्हे. पुढची चाचणी होते ताशी 64 किलोमीटरने, चुरगळणाऱ्या अडथळ्यावर. ही साधारणपणे आपल्याच वजनाच्या गाडीशी झालेली टक्कर समजा. घाटात समोरून येणारा वजन विचारून येत नाही. 800 किलोची गाडी आणि 1,600 किलोची गाडी, दोन्ही 50 च्या वेगाने समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या, तर जड गाडीचा वेग 33 ने बदलतो आणि हलकीचा 67 ने, कारण ती थांबून वर उलटी ढकलली जाते. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, तेव्हा... असो. पाच तारेवाली हलकी आणि पाच तारेवाली जड यांना एका रांगेत बसवू नका, एवढंच.

म्हणजे मी सगळ्यांना जड गाडी घ्या म्हणायचं का? इथे माझं मलाच पटत नाही. प्रत्येक जण जड गाडी घेतो तेव्हा ज्याला परवडत नाही त्याच्या वाट्याला तो 67 चा आकडा येतो. आणि आपल्या रस्त्यांवर सर्वांत जास्त मरतो तो दुचाकीवाला, त्याला तर नाकही नाही.

बाकीचं भराभर सांगतो. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1,200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना 18 टक्के जीएसटी, मोठ्यांना 40, इलेक्ट्रिकला 5. इतक्या गाड्यांची लांबी नेमकी 3,995 मिलिमीटर का असते, हे आता कळलं असेल. स्वस्त ऑटोमॅटिक म्हणजे बहुधा एएमटी : क्लच तोच, दाबणारा पाय यंत्राचा. गावात ठीक. चढावर गर्दीत रांगत राहिलात तर तो क्लच जळतो. इलेक्ट्रिकमध्ये ही कटकट नाही, पण बॅटरी पोटाखाली असते. सोसायटीच्या गेटवरचा नव्वद अंशांचा स्पीडब्रेकर आधी बघून या, आणि पार्किंगमध्ये चार्जरची परवानगी लेखी घ्या. वहिनींना सांगितलं, ट्रायलला साडी नेसून जा आणि पाच वेळा चढून उतरून बघा. सेडान त्या परीक्षेत पहिल्याच वेळी नापास झाली.

मागच्या सीटवरच्या पट्ट्याचं मात्र दोनदा सांगितलं. 2022 मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, ते चांगल्या महागड्या गाडीत, मागे पट्ट्याविना बसलेले. पट्टा नसेल तर एअरबॅगची वेळ आणि तुमच्या डोक्याची वेळ जुळत नाही.

शेवटी त्यांनी इलेक्ट्रिक घेतली, सहा एअरबॅगांची, पाच तारेवाली. पूजेचा फोटो आला. हार, लिंबू-मिरची आणि आत जाडजूड लेदर फिनिशची सीट कव्हरं. बाजूची एअरबॅग सीटच्या कडेतून फुटून बाहेर येते. तिच्यावर असं कव्हर शिवून चढवलं की ती उघडायला उशीर होतो, किंवा भलतीकडेच उघडते. मी लगेच फोन केला, आजच्या आज काढा म्हटलं.

“अहो, पण ती शोरूमने फुकट दिलीत,” सर म्हणाले.