बारा बोअर की आठ बाय बेचाळीस?

आजोबा गेले आणि त्यांची दोन नळ्यांची बारा बोअरची बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो, म्हणून घरात चर्चासत्र! चुलतभाऊ म्हणाला, "तू अर्ज कर. जुनी विकून सेमी-ऑटोमॅटिक घेऊ. चाप ओढला की बार, पुढचं काडतूस आपोआप वर. बदकांसाठी बेस्ट!"

पण बॉस, बदकं मारणार कुठे? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला, १९९१ च्या दुरुस्तीने उरलेसुरले परवानेही संपवले.

आजी एवढंच म्हणाली, "बंदूक जाऊ दे गं. ह्यांना पाखरांची नावं पाठ होती, ती कोण सांभाळणार?"

मग मी दुर्बीण शोधायला निघाले. आठ बाय बेचाळीस म्हणजे पक्षी आठपट जवळ आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं, त्यामुळे पहाटेच्या अंधुक उजेडातही चित्र स्वच्छ. दहापट घेतली तर आपला हात जरा हलला की बदकही थरथरतं!

मुलुंडहून भांडुप पंपिंग स्टेशन रिक्षाच्या अंतरावर. शेजारची ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ पासून रामसर स्थळ. हिवाळ्यात तिथे आजोबांचे थापट्या आणि तलवार बदक येतात. सलीम अलींचाही पक्ष्यांशी परिचय लहानपणी एअरगनने पाडलेल्या एका चिमणीपासूनच झाला होता.

अर्ज मी केलाच नाही. आजोबांची बंदूक विकली जाईल. पहाटे चिखलात श्वास रोखून उभं राहण्याची त्यांची सवय मात्र माझ्याकडे आली. तिला परवाना लागत नाही.