पॅकेज ठीक आहे, उरणार किती?

पुण्याहून मुंबईला बोलावणं आलं की मित्रमंडळी एकच विचारतात, 'पॅकेज किती?' माझा प्रश्न वेगळा होता. दर महिन्याला आईच्या औषधांचे पैसे घरी द्यायचे असतात आणि त्यात काटछाट नाही. म्हणून लगेच एक्सेल शीट उघडली.

प्रवासात मुंबई जाम स्वस्त! लोकलचं सेकंड क्लासचं तिकीट ५ रुपयांपासून. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ मध्ये पाचाचं दहा झालं, तरी पुण्यातल्या बाइकच्या पेट्रोलपुढे किरकोळच. घोडं अडतं घरभाड्यावर. धायरीला ज्या भाड्यात वन बीएचके मिळतो, त्यात परळला पीजीतली एक कॉट. स्वस्त हवं तर बदलापूर गाठा, म्हणजे सीएसएमटीपासून सुमारे ६८ किलोमीटर. भाडं वाचतं, पण जाऊन-येऊन तीन तास लोकलला. फ्रीलान्सरचे तीन तास म्हणजे अर्धा लेख बुडाला!

मग शीटमध्ये 'वेळ' हा रकाना वाढवला आणि सगळं गणितच बदललं. तेव्हा मंडळी, आधी ऑफिसजवळचं भाडं विचारा, मग पगाराचा आकडा बोला. मी माझा आकडा कळवलाय. 'हो' आलं तर परळ, नाहीतर आपलं पुणं आहेच!