गाळ देणाऱ्या काकीजी

लग्नातल्या अश्लील, वात्रट, अंगावर येणाऱ्या गाण्यांकडे कसं बघायचं, हे मला सांगानेरच्या एका निरक्षर बाईने शिकवलं. मोहल्ला त्यांना काकीजी म्हणायचा, मीही तेच म्हणू लागले. त्या आता नाहीत. त्यांचं ऋण कुठेतरी लिहून ठेवावं, असं फार दिवस मनात होतं.

मी वाईची. कापडाचं डिझाइन शिकून नोकरीसाठी जयपूरला आले आणि शहराच्या दक्षिणेला सांगानेरात छीप्यांच्या घरी ठशांची छपाई बघत बसू लागले. पांढऱ्या कापडावर आधी रेख, म्हणजे बाह्यरेषा; मग पार्श्वभूमीची गद आणि पाकळ्या भरणारे दत्ता. मेजावर पुरुष छापत असत, बायका कापड धूत, वाळवत आणि गात असत. पहिल्याच दिवशी काकीजींनी माझं गाव विचारलं. महाराष्ट्र म्हटल्यावर त्यांनी भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. तसबीर नामदेवांची होती. राजस्थानातले कितीतरी छीपे स्वतःला नामदेव छीपा म्हणवतात. पंढरपूरच्या या शिंप्याची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि इकडच्या रंगाऱ्यांनी त्याला आपल्या घरात बसवलंय. नामदेवजींच्या मुलखातली म्हणून मी त्या घरची ‘बाई’ झाले, म्हणजे लेक.

लेकीला लग्नाचं आमंत्रण ओघानेच आलं. वरात जेवायला बसली आणि बायकांनी गाळ, म्हणजे वरपक्षाला शिव्या देणारी गाणी, सुरू केली. ब्याईजी, म्हणजे व्याही, किती कंजूष. त्यांच्या मिशा कशा उसन्या. ब्याणजी, म्हणजे विहीणबाई, रात्री कुठे जातात. पुढची कडवी इथे लिहिण्यासारखी नाहीत. ज्यांच्या नावाने हे चाललं होतं ते व्याही पुरीचा घास हातात धरून हसत होते. एकाचं नाव राहून गेलं तर त्याने रुसून निरोप पाठवला की आम्ही काय परके आहोत?

माझ्यासोबत आलेल्या मैत्रिणीला ते ऐकवेना. बायकांनीच बायकांच्या चारित्र्यावर गाणी रचायची आणि त्याला परंपरा म्हणायचं, हे तिला पटत नव्हतं. तिची हरकत मी हलकी मानत नाही. मात्र ती नवीही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उत्तरेतल्या सुधारकांनी आणि जातिसभांनी याच गाण्यांविरुद्ध मोहीम चालवली होती. त्यांना गाण्यातल्या बाईची काळजी कमी आणि गाणाऱ्या बाईचीच लाज जास्त वाटत होती, असं मला वाटतं. घुंगट ओढून वावरणाऱ्या सुनेला लग्नाच्या निमित्ताने सगळ्या पुरुषांना नावानिशी झोडपता येतं, हेच त्यांना खुपत असणार.

दुसऱ्या दिवशी मी काकीजींकडे हा विषय काढला. त्यांनी गाळीची बाजू घेतली नाही की माफीही मागितली नाही. तुमच्याकडे काय गातात, एवढंच विचारलं. मी भोंडल्याची गाणी हिंदीत समजावून सांगितली. वेड्या नवऱ्याचं गाणं त्यांना फार आवडलं. बायको एकेक पदार्थ करते आणि तो त्याला भलतंच काही समजून त्याची वाट लावतो, या प्रत्येक कडव्याला त्या खदखदून हसल्या. मग शेवटचं कडवं आलं. बायको झोपलेली असते, ती मेली असं समजून तो तिला जाळून टाकतो. काकीजींचं हसू थांबलं. लहान मुलीही हे गातात का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

माझी आई ते कडवं म्हणायची नाही. ऐंशीच्या दशकात स्टोव्हच्या भडक्यात सुना मरत होत्या, वर्तमानपत्रं त्या बातम्यांनी भरलेली असत. 1983 मध्ये सासरच्या छळाविरुद्धचं कलम 498अ आलं, 1986 मध्ये हुंडाबळीचं 304ब. त्या वर्षांत आईने पाटाभोवतीच्या फेरात त्या कडव्याला तोंड मिटलं आणि पुढचं गाणं सुरू केलं. का, ते तिने कधी सांगितलं नाही. रुसलेल्या सुनेच्या गाण्यातही आमच्या घरी शेवटी नवरा लाल चाबूक घेऊन यायचा. आईने चाबकाच्या जागी मंगळसूत्र घातलं होतं.

हे ऐकल्यावर काकीजींनी स्वतःहून सांगितलं की त्यांनीही एक गाळ सोडली होती. ती काळ्या रंगाच्या बीनणीवर, म्हणजे सुनेवर, होती. त्यांच्या तरुणपणी ती घरोघर गायली जायची. एका लग्नात ती चालू असताना कोपऱ्यातली सावळी नवी सून मान खाली घालून बसलेली त्यांना दिसली. गाळ त्याला द्यायची, जो उद्या आपल्या अंगणात उलटून गाळ देईल, असं त्या म्हणाल्या. ब्याईजींच्या घरच्या बायका सवाई आहेत, त्या आम्हाला सोडणार नाहीत. त्या सुनेने कुणाला गाऊन दाखवायचं?

इतकी स्वच्छ कसोटी मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही. पुढे मी ती दूरच्या गाण्यांनाही लावून पाहिली. स्कॉटलंडमध्ये एक जुनं विनोदी गाणं आहे, फ्रान्सिस जेम्स चाइल्डच्या संग्रहातल्या 305 गाण्यांत त्याचा क्रमांक 277. काम न करणाऱ्या बायकोच्या पाठीवर नवरा मेंढ्याचं कातडं टाकतो आणि आपण आपल्या कातड्याला बडवतोय, बायकोला नाही, असं म्हणत तिला मारतो. चाल खेळकर आहे, पोरंही नाचतील अशी. तरी काकीजींनी ते गायलं नसतं. त्याच देशातल्या रॉबर्ट बर्न्सने जमवलेली चावट गाणी त्याच्या मृत्यूनंतर, 1799 मध्ये, वेगळी छापली गेली आणि पुढे दीड शतकाहून अधिक काळ चोरून वाचली गेली. त्यांतल्या ज्या गाण्यांत बाई पुरुषाला तोडीस तोड उत्तर देते, ती काकीजींनी पदर खोचून म्हटली असती. सभ्यतेच्या रखवालदारांनी मात्र या दोन प्रकारांत उलटाच भेद केला: मारहाणीचं गाणं दिवाणखान्यात चाललं, शृंगाराचं कुलपात गेलं. आपल्या एकनाथांचं रोडग्याचं भारूड घ्या. त्यातली सून सासू, सासरे, नणंद सगळ्यांचं वाटोळं व्हावं म्हणून भवानीला नवस बोलते. ते वारकऱ्यांच्या मेळ्यात चारशे वर्षं टिकलं, कारण तिथे नवस बोलणारी त्या घरातली सगळ्यांत दुबळी बाई आहे.

संग्रहातून मात्र काहीच काढू नये, या मताची मी आहे. चाबूकही छापावा, जळणारी बायकोही छापावी. आपल्या आज्या कशावर हसायच्या हे नातींना कळलं पाहिजे. पण फेर धरताना कुठलं कडवं गिळायचं, हा हक्क गाणारीचा आहे. आई आणि काकीजी तो बजावत आल्या, तेव्हा त्यांना कुणी सुधारक म्हटलं नाही.

काकीजींच्या गाळी मी वहीत उतरवून घेतल्या. सोडलेली गाळही त्यांनी सांगितली, पण लिहिताना तिच्यावर फुली मारायला लावली. मला गाळ द्यायलाही त्या विसरल्या नाहीत: माझ्या लग्नानंतर मी नवऱ्याला सांगानेरला नेलं, तेव्हा जेवणाच्या ताटावर त्यांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या. तो लाल होऊन माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवशी मला राजस्थानात माहेर मिळालं.

आता तिथली लग्नं मॅरेज गार्डनमध्ये होतात, डीजेच्या आवाजात गाळीला जेमतेम दहा मिनिटं मिळतात. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या नातसुनेचा फोन आला. वरात पंगतीला बसली होती आणि कंजूष ब्याईजींच्या गाळीतलं तिसरं कडवं कुणालाच आठवत नव्हतं. मी वही काढली आणि फोनवरच ते गाऊन दाखवलं, पलीकडच्या बायकांनी उचलून धरलं.