गुलाबी किती?

डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ओपीडीत माझी पंचाईत झाली. डाव्या डोळ्याने कोडाचा डाग स्वच्छ गुलाबी दिसे, उजव्याने तोच डाग फिकट बदामी. म्हणजे इतकी वर्षं मी पिवळ्या काचेतून गुलाबी जोखत होतो.

कोडावर सोरालेनची गोळी देऊन रुग्णाला उन्हात बसवणाऱ्याची सारी मदार या गुलाबीवर. ती उमटली नाही तर उपचार पोचलाच नाही, आणि वाजवीपेक्षा चढली तर फोड. शिवाय ती सावकाश येते. नॅरोबँडचा, म्हणजे मशीनमधल्या अतिनील किरणांचा, लालसरपणा दुसऱ्या दिवशीच कळतो. सोरालेनचा ऐन भरात यायला 48 ते 72 तास लागतात. सोमवारच्या उन्हाचा हिशेब बुधवार-गुरुवारी. मंगळवारी काहीच दिसत नाही म्हणून रुग्ण पुन्हा उन्हात बसला, की गुरुवारी फुगलेला हात घेऊन दारात हजर. त्यात ऊन कोण मोजणार? मे महिन्यातली पाच मिनिटं आणि श्रावणातली पाच मिनिटं कागदावर सारखीच. लावायच्या औषधाची तऱ्हा आणखी वाईट: बोट कडेबाहेर गेलं की डाग तसाच आणि भोवती काळं कडं.

गुलाबी जमली, की काही महिन्यांनी केसांच्या मुळांशी मोहरीएवढे तपकिरी ठिपके उगवतात. मुळाशी दडलेल्या रंगपेशी वर चढतात. बोटांच्या टोकांवर केसच नाहीत, ओठांवरही नाहीत. तिथे या उपचाराचं फारसं चालत नाही. हे पाठ असूनही, दुसऱ्या कुणी हात टेकलेली बोटं समोर आली की मी मिशीला पीळ भरायचो.

बावचीचं तेल विकणाऱ्यांचा मात्र मला मनस्वी राग आहे. फोड आले की म्हणतात, औषध लागू पडलं! सोरालेन बावचीतही असतं. कैरोच्या एल मोफ्तींनी 1948 साली कोडावर जे वापरलं, ते नाईलकाठच्या दुसऱ्या एका झाडाचं. पण त्यांनी शुद्ध केलेलं द्रव्य वापरलं. बाटलीतल्या तेलात ते किती, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

माझ्या हाताखालची डॉक्टर म्हणते, ‘‘सर, गोळ्या बंदच करू या.’’ नॅरोबँडला गोळी नाही, त्यामुळे मळमळ नाही, दिवसभर गॉगल नाही. गरोदर बाईलाही चालतं. नव्या त्वचेचा रंगही आसपासच्या रंगाशी जास्त जुळतो. आमच्या सोरालेनचा पुष्कळदा गडद पडतो. कर्करोगाचा विषय ती काढते, तेव्हा मी सांगतो, तो पुरावा मुख्यतः सोरायसिसच्या गोऱ्या रुग्णांचा आहे. ती म्हणते, ‘‘म्हणून धोका शून्य होतो का?’’ होत नाही. तिचा तक्ताही चोख आहे, त्यात डोस ठरलेल्या टक्क्यांनी वाढतो. तरी तो पाहिला की मला उगाच पोटशूळ उठतो, कारण त्यात माझ्या डोळ्याला कामच उरत नाही.

पण मशीन शहरात. आठवड्यातून दोन-तीनदा यायचं, तेही महिनोन्‌महिने. तालुक्यातल्या मजुराने एसटीचं भाडं भरायचं की बुडालेली मजुरी? त्याला मी अजून गोळी, गॉगल आणि दिवसाआड ऊन लिहून देतो. गुलाबी जोखायला मात्र आता तिला हाक मारतो. ‘‘मध्यम,’’ ती म्हणते. मला गुलाबी जास्तच वाटते. मग भांडून आम्ही पुढचं ऊन एका मिनिटाने कमी करतो.